वाळूखालचं पाकट

डोंबिवली पूर्व
८ डिसेंबर १९९६

गं. भा. सगुणाबायस,
गुणाजीचा नमस्कार.

बाय, तुझं कार्ड मिळालं. तीन ओळी. ठीक आहे, गुडघा दुखतो, चित्राला आशीर्वाद. एवढ्यासाठी पोस्टमनला तीन जिने चढवतेस. पण मी तक्रार करत नाही. गेल्या खेपेला कोळीवाड्यात आलो तेव्हा तुझ्याशी बोलताना मी इतका ओरडत होतो की शेजारची भागीरथीवहिनी आपलं भांडण लागलंय समजून दारात येऊन उभी राहिली. तू म्हणालीस, ओरडू नको, मला ऐकू येतं. आणि मी विचारलं होतं जेवलीस का, तर तू उत्तर दिलंस की बुधवारी. त्यापेक्षा कागद बरा. कागदावर तू पूर्वीसारखीच आहेस.

माझं ठीक चाललंय. कमळाला जाऊन दोन वर्षं होतील. कंपनी बंद झाल्यापासून सकाळी उठून कुठे जायचं हा प्रश्न रोज पडतो. चित्रा बडोद्याहून रविवारी शेजारच्या शुभदाबाईंकडे फोन करते. जावई बरे आहेत.

लिहायचं कारण वेगळंच आहे. कल्याणला डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो होतो. परत येताना स्टेशनबाहेर शोभेच्या माशांचं दुकान दिसलं म्हणून आत गेलो. एका काचेच्या पेटीत तळाला काय असावं? पाकट. बशीएवढं, बशीसारखंच चपटं. अंगावर पिवळे ठिपके, शेपटी दोऱ्यासारखी. मी म्हटलं खारं पाणी कुठून आणता, तर दुकानदार म्हणाला, हे गोड्या पाण्यातलं आहे, दक्षिण अमेरिकेतल्या नदीतलं, सिंगापूरवरून विमानाने येतं. मी इतका वेळ उभा राहिलो की त्याने मला स्टूल दिलं.

बाय, एक घरी आणावं असं मनात आहे. तुला काय वाटतं?

तुझा भाऊ,
गुणाजी


चेंदणी कोळीवाडा, ठाणे
१५ डिसेंबर १९९६

चि. गुणाजीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं डोकं ठिकाणावर आहे का? कार्डावर मावणार नाही म्हणून भिवाच्या दुकानातून अंतर्देशीय मागवलंय. ते पण अपुरं पडेल.

पाकट म्हणजे काय पोपट आहे, पिंजऱ्यात ठेवून बघायला? आपल्या घरात पाकट आलं ते कालवणासाठी. आणि त्याआधी शेपटीचा काटा तोडून मगच आयस त्याला घरात घ्यायची. तू तान्हा होतास, तुला आठवणार नाही. मला आठवतं. बापूस सुकतीला, पाणी ओसरल्यावर, खाजणातल्या चिखलात उतरला होता. आम्हाला सगळ्यांना शिकवायचा की चिखलात पाय उचलून टाकायचा नाही, घासत न्यायचा, म्हणजे खाली पाकट असलं तर आधीच निघून जातं. त्या दिवशी पाठीवर जाळं होतं, हातात टोपली होती, एक पाय उचलून टाकला. चार माणसांनी उचलून आणला. पाय सुजून खांबासारखा झाला. सिव्हिलमध्ये नेला तेव्हा उशीर झाला होता. घोट्याखाली काही ठेवलं नाही त्यांनी.

आणि त्याचा मुलगा पाकट विकत आणणार. वर मला विचारतो काय वाटतं.

गोड्या पाण्यात पाकट असतं हे मी पहिल्यांदा ऐकलं. खोटं तर नसेल? त्याचं तोंड खालीच आहे ना? खातं काय? दुकानदार म्हणत असेल की ते बशीएवढंच राहतं, तर त्याला सांग, बशीएवढं असतं ते पोर असतं.

गुडघा तसाच आहे. बाजारात बसायचं मी गणपतीनंतर बंद केलं, तुला कळवलं नव्हतं. गिऱ्हाईक काय भाव मागतं ते ऐकू येत नाही, आणि तोंडाकडे बघून ओळखावं तर बायका पदर लावून बोलतात. आता घरीच असते.

तुझी बाय


डोंबिवली पूर्व
२९ डिसेंबर १९९६

गं. भा. सगुणाबायस,
नमस्कार.

तुझं पत्र दोनदा वाचलं. एवढं मोठं पत्र तू मला चित्राच्या लग्नातसुद्धा लिहिलं नव्हतंस.

बाजाराचं वाचून वाईट वाटलं. मला सांगायला हवं होतंस.

बाबांचा पाय मी विसरलेलो नाही. मला आठवतात तेव्हापासून ते काठीवरच आहेत. पण बाय, खरं सांगू का, ते ओट्यावर बसून जाळी शिवायचे तेव्हा पाकटाबद्दल एक वाकडा शब्द बोलायचे नाहीत. म्हणायचे, मी त्याच्या घरात गेलो, ते माझ्या घरात नाही आलं. त्यामुळे मला त्याचा राग कधी आलाच नाही.

पुन्हा कल्याणला जाऊन आलो. दुकानदाराचं नाव देवराम. तो त्याला स्टिंग रे म्हणतो. तोंड खालीच आहे. तू म्हणालीस तसं मी त्याला बजावलं, तेव्हा हसून म्हणाला, वाढतं हो, पण सावकाश वाढतं, तोपर्यंत तुम्ही मोठी पेटी घ्या. त्याच्या मते पेटी उंच नको, पसरट हवी, कारण हे वर पोहत नाही, तळाशी राहतं. तळाला खडी चालत नाही, पोट सोलतं, बारीक वाळू लागते. नळाचं पाणी पिंपात एक दिवस ठेवूनच घालायचं. पेटीसाठी अँगलचा स्टँड मी स्वतः करायला घेतला आहे. कितीतरी दिवसांनी हातात पाना आला.

दुकानात दोन आहेत. एक जरा मोठं. कोळंबीचा तुकडा पडला की वाळूतून उठतं आणि त्याच्यावर चादरीसारखं पसरतं. दुसरं लहान आहे, कोपऱ्यात पडून असतं. त्याच्या अंगाची कड वर वळलेली दिसते आणि शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना हाडं वर आली आहेत. मला त्या दुसऱ्याची दया येते. कोणतं घेऊ?

गुणाजी


चेंदणी कोळीवाडा
६ जानेवारी १९९७

चि. गुणाजीस आशीर्वाद.

दया करून मासा निवडतात का? जे खातं ते घे. कड वळलेलं पाकट टिकत नाही. दुकानदाराला तुझ्यासमोर खायला घालायला सांग आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघ, त्याच्या तोंडाकडे नको बघू, बोलायला सगळेच गोड असतात.

बापूस काय म्हणायचा ते मला माहीत आहे. त्याला राग नव्हता. ओट्यावर बसून त्याला राग कशाला येईल? गुणा, एक गोष्ट मी तुला कधी सांगितली नाही. तू लहानपणी सगळ्यांना सांगायचास की माझ्या बायला शाळा आवडत नव्हती म्हणून तिने सोडली. मीच तुला तसं सांगितलं होतं. शाळा मला आवडत होती. चौथीत मी पहिली आले होते. बापसाचा पाय गेला त्याच महिन्यात आयसने माझ्या डोक्यावर टोपली दिली. एकटीने तिच्याने होईना. गुरुजी घरी आले होते, म्हणाले मुलगी हुशार आहे. आयसने त्यांना नुसता चहा दिला. नंतर तू शाळेत गेलास, पुढे आयटीआयला गेलास, कंपनीत लागलास, मला त्याचा आनंदच झाला. हे खोटं लिहीत नाही. पण तू वाचायला बसलास की मी उठून बाहेर जायची.

म्हणून मला पाकट नको वाटतं. बापसाच्या पायासाठी नाही.

आता आणायचं तर आण, तुझं घर आहे. पण मला त्याच्याबद्दल लिहू नको.

बाय

ता. क. लिहिलंस तरी चालेल.


चेंदणी कोळीवाडा
२० फेब्रुवारी १९९७

चि. गुणाजीस आशीर्वाद.

दीड महिना झाला, तुझं पत्र नाही. मी ते शाळेचं लिहायला नको होतं. इतक्या वर्षांनी काय त्याचं? एकटं बसलं की नको ते सुचतं. कोणी येऊन बोललं तरी मला नसल्यासारखंच, त्यामुळे जुनंच काहीतरी डोक्यात फिरत राहतं.

पाकट आणलंस का? मोठं आणलंस की ते मरतुकडं? खातं का? काटा आहे का त्याला, की तोडून देतात? पेटी कुठे ठेवलीस? भागीरथी रोज विचारते, म्हणजे पोस्टमन आला की माझ्या तोंडाकडे बघते.

कार्ड टाक, एक ओळ असली तरी चालेल.

बाय


डोंबिवली पूर्व
२६ फेब्रुवारी १९९७

गं. भा. सगुणाबायस,
नमस्कार.

रागावलो नव्हतो. तुझ्या पत्राला उत्तर लिहायला तीन-चार वेळा कागद घेऊन बसलो. मला खरंच माहीत नव्हतं, बाय. एवढंच लिहितो.

पाकट आणलं. मोठं आणलं, खाणारं. पेटी बाहेरच्या खोलीत कमळाच्या फोटोखाली ठेवली आहे. काटा आहे, पण देवराम म्हणाला, त्याला डिवचलं नाही तर ते काही करत नाही. सकाळी मी दिवा लावला की उठतं आणि दिवसभर इकडून तिकडे फिरत असतं, पंख हलवत, जसं काही नाचतंय. काचेवर पोट लावून उभं राहतं तेव्हा खालचं तोंड हसल्यासारखं दिसतं. तुला बघायला आवडलं असतं.

गुणाजी


चेंदणी कोळीवाडा
१२ मार्च १९९७

चि. गुणाजीस आशीर्वाद.

तुझं पत्र भागीरथीला वाचून दाखवलं. ती म्हणाली असेल काहीतरी, हसली तर खूप.

काचेवर पोट लावतं हे मी कधी बघितलं नाही. कसं बघणार, आपण बघायचो ते वरून. पोट पांढरंच आहे ना? त्याला सोललेली कोळंबी देऊ नको, सालीसकट दे, बारीक करून. शिळी नको. पेटीत उरलेलं लगेच काढ, पाणी नासतं. रात्री त्याच्यावर दिवा ठेवू नको. तू जवळ गेलास की येतं का? माणूस ओळखतं का?

आपल्या खाडीत आता काही नाही. कारखान्यांचं पाणी येतं. पोरं जाळं टाकत नाहीत, नोकरीला जातात. परवा मी धक्क्यावर जाऊन बसले होते. ओहोटी होती, चिखल होता, पण चिखलात कोणी नव्हतं. आधी मला वाटलं माझ्या कानांमुळे एवढं शांत वाटतंय. मग बघितलं तर खरंच कोणी नव्हतं.

लवकर लिही. पाकटाचं लिही.

बाय


डोंबिवली पूर्व
४ एप्रिल १९९७

गं. भा. सगुणाबायस,
नमस्कार.

सालीसकट कोळंबी दिली. आवडीने खाल्ली. आता हातातून घेतं. मी जिना चढून आलो की त्याला पावलं कळतात आणि काचेपाशी येऊन थांबतं. शुभदाबाईंना पण आश्चर्य वाटलं. पोट पांढरंच आहे.

तुझी पत्रं आली की बरं वाटतं. मी ती डब्यात ठेवतो. पूर्वी तू तीन ओळी लिहायचीस, आता मला रविवारपर्यंत पुरतात.

धक्क्यावर एकटी जाऊन बसत जाऊ नको. मागून गाडी आली तर कळणार नाही.

गुणाजी


चेंदणी कोळीवाडा
२ मे १९९७

चि. गुणाजीस आशीर्वाद.

ठरवलं आहे. मी पाकट बघायला येते. रविवारी ११ तारखेला. ट्रेनमध्ये स्टेशन कुठलं आलं ते सांगतात ते मला ऐकू येत नाही, म्हणून खोपटच्या स्टँडवरून एसटीने येईन. कंडक्टरला चिठ्ठी दाखवीन, म्हणजे तो उतरवेल. तू न्यायला येऊ नको, पत्ता माझ्याकडे आहे. कमळा गेली तेव्हा आले होते, त्यानंतर घर बघितलं नाही.

कोळंबी मी घेऊन येते. मला माझ्या हाताने द्यायची आहे.

बाय


डोंबिवली पूर्व
५ मे १९९७

गं. भा. सगुणाबायस,
नमस्कार.

एवढ्यात येऊ नको. ऊन फार आहे, आणि आमच्या बिल्डिंगला रंग काढायला घेतला आहे, जिन्यात बांबू बांधलेत, तुझ्या गुडघ्याला झेपणार नाही. पाऊस सुरू झाला की मीच येऊन तुला घेऊन जाईन.

गुणाजी


चेंदणी कोळीवाडा
१२ मे १९९७

गुणाजीस,

मी काल आले होते.

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. वाचून मला वाटलं की पाकटाने तुला काटा मारला आहे आणि तू लपवतो आहेस. बापूस पण पहिल्या दिवशी म्हणाला होता, काही नाही, खरचटलंय. मग मला राहवलं नाही. कोळंबी घेतली आणि निघाले.

जिन्यात बांबू नव्हते. तुझ्या दाराला कुलूप होतं. शेजारच्या शुभदाबाई चांगल्या आहेत, त्यांनी मला ओळखलं, त्यांच्याकडच्या किल्लीने दार उघडलं, पाणी दिलं. तू कल्याणला गेलास असं त्यांनी हाताने सांगितलं. त्या स्वयंपाक टाकून आल्या होत्या, म्हणून मी त्यांना जायला सांगितलं आणि पेटीजवळ बसले.

पेटी सुंदर केली आहेस. वाळू चाळून घेतलेली दिसते. पाण्यात बुडबुडे येत होते. दोन बारीक मासे होते, करंगळीच्या पेराएवढे. मी वाट बघितली. म्हटलं वाळूत असेल. मग हात घातला. गुणा, पाकट असलेल्या वाळूत मी हात घातला असता का कधी? पण मला तोवर कळलं होतं. मी सगळी वाळू चाचपून बघितली.

शुभदाबाई पुन्हा आल्या तेव्हा त्यांना विचारलं. त्यांनी पेपरच्या कडेला लिहिलं, "तसला मासा त्यांच्याकडे कधीच नव्हता."

कोळंबी मी त्यांना देऊन आले.

तू मला बहिरी म्हणून फसवलंस की एकटी म्हणून? मला आता पत्र लिहू नको.

सगुणा


डोंबिवली पूर्व
१५ मे १९९७

बाय,

लिहू नको म्हणालीस तरी लिहितो.

तुझं शाळेचं पत्र आल्यावर मी दुकानात गेलोच नाही. पाकट आणावं असं वाटेना आणि पेटी मोडावी असंही वाटेना. पाणी नीट राहावं म्हणून देवरामने आधीच दोन गप्पी दिले होते, तेच होते. फेब्रुवारीत तुझं पत्र आलं, आणलंस का, खातं का. तेव्हा गेलो, तर दोन्ही विकली गेली होती. मी तुला तसंच लिहायला बसलो होतो. मग वाटलं, नाही आणलं असं लिहिलं की तू पुन्हा कार्डावर तीन ओळी लिहिशील. म्हणून आणलं असं लिहिलं. एकदा लिहिल्यावर पुढचं लिहावंच लागलं. तुला फसवायचं नव्हतं. तुझी पत्रं यायला हवी होती.

रविवारी मी कल्याणला गेलो होतो तो पाकट आणायलाच. तू येऊ नको असं मी लिहिलं खरं, पण मला माहीत होतं की तू येशील. देवरामकडे एकच उरलं होतं, नवीन आलेलं. निवडायला काही नव्हतंच, खातं का तेही बघितलं नाही. पिशवीत घालून दोन्ही हातांनी धरून जिना चढलो. शुभदाबाई दारात होत्या. म्हणाल्या, "आत्ताच गेल्या हो त्या."

पिशवी हातात घेऊन मी रस्त्यापर्यंत धावलो. एसटी गेली होती.

आता पेटीत खरंच पाकट आहे. तू विश्वास ठेवणार नाहीस आणि का ठेवावास?

गुणाजी


डोंबिवली पूर्व
२१ मे १९९७

बाय,

तुझं उत्तर नाही. बरोबर आहे.

ते काहीच करत नाही. आणल्यापासून वाळूत आहे. दोन डोळे तेवढे वर दिसतात, तेही ठाऊक असलं तर. सालीसकट कोळंबी घातली, सकाळी तशीच मिळाली. मी जिना चढून आलो तर त्याला काही कळत नाही. दिवा लावला तर आणखी खाली जातं. शुभदाबाई बघायला आल्या आणि मला विचारलं, कुठे आहे?

शेपटीच्या मुळाशी हाडं दिसू लागली आहेत.

गुणाजी


डोंबिवली पूर्व
२७ मे १९९७

बाय,

अजून खाल्लं नाही. देवराम म्हणाला परत आणून द्या, बघतो. मी दिलं नाही. त्याच्याकडे नेलं तरी ते खाणार नाही, आणि इथे निदान मी बसलेलो असतो.

तुला काही सुचत असेल तर सांग. माझ्यासाठी नको सांगू.

गुणाजी


चेंदणी कोळीवाडा
३० मे १९९७

चि. गुणाजीस आशीर्वाद.

मेलेली कोळंबी ते ओळखत नसेल. जिवंत दे. नदीतलं आहे म्हणतोस, तर गांडूळ दे. मोरीचं पाणी जिरतं तिथे केळीखाली खण, मिळतील. धुऊन, अख्खं घाल. दिवा बंद कर, आणि त्याच्या समोर बसू नको, लांब बस.

आता आहे यावर माझा विश्वास आहे. तुझं आधीचं पाकट दिवसभर नाचत होतं, हसत होतं, जिन्यावरची पावलं ओळखत होतं. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. मी जन्मभर पाकट बघितलं, ते असं कधी वागत नाही. पण वाचायला बरं वाटायचं, म्हणून शंका घेतली नाही. हे पडून राहतं, खात नाही, तुझ्याकडे बघत नाही. हे खरं आहे.

मी रागावले ते पाकट नव्हतं म्हणून नाही. तू एकटा बसून माझ्यासाठी गोष्टी रचत होतास, हे त्या खोलीत बसल्यावर दिसलं. फोटोच्या खाली पेटी, पेटीसमोर एक खुर्ची. दुसरी खुर्ची घरात नाहीच. मला ते बघवलं नाही, म्हणून तुझी वाट न बघता निघाले. माझ्या घरी पण तसंच आहे. मी तुला भागीरथी अशी म्हणाली, तशी हसली असं लिहायची. ती महिन्यातून एकदा येते.

मी येणार की नाही ते आता सांगत नाही. तू पण ये असं म्हणू नको. आधी पत्रं खरी होऊ देत. ते खात नसेल तर खात नाही लिही. मेलं तर मेलं लिही. काही घडलं नाही तर काही घडलं नाही एवढंच लिही. मी वाचीन.

तुझी बाय


पोस्टकार्ड
डोंबिवली पूर्व
४ जून १९९७

गं. भा. सगुणाबायस,
नमस्कार.

काल केळीखाली खणून एक गांडूळ मिळालं. धुऊन घातलं, दिवा बंद केला, स्वयंपाकघरात जाऊन बसलो. सकाळी गांडूळ नव्हतं. पाकटाने खाल्लं असं मी म्हणत नाही, मी बघितलं नाही. गप्पींनी खाल्लं असेल, पण गांडूळ त्यांच्यापेक्षा मोठं होतं. वाळू एका जागी हललेली दिसते.

आज पुन्हा खणणार आहे. आणखी काही घडलं नाही.

गुणाजी